शीतलचा होकार

आकलनमापकाच्या पडद्यावर हिरवी रेघ उमटली आणि डॉ. शर्वाणी टेंभुर्णे यांच्या मनात शंकेची पाल चुकचुकली.

समोर शीतल भोयर बसली होती, डोक्यावर संवेदकांची जाळी. वय सव्वीस, पण समज लहान मुलीएवढी, असं आजवर सगळे सांगत आले होते. तिचं गर्भाशय काढून टाकावं म्हणून तिचा भाऊ देवानंद तिला नागपूरच्या या केंद्रात घेऊन आला होता. तो तिचा कायदेशीर पालक. पण रुग्णाला स्वतःला कळल्याशिवाय ही शस्त्रक्रिया करायला नव्या कायद्यानं बंदी होती, आणि मागच्या खेपेला रेघ लाल, म्हणजे न कळल्याची, आली होती. आज शीतल शस्त्रक्रियेला 'हो' म्हणाली आणि रेघ हिरवी झाली.

"पढवलेलं असणार," शर्वाणी हळूच म्हणाल्या.

"पाठांतर मेंदूच्या वेगळ्या भागातून येतं, ते यंत्र ओळखतं," यंत्रतज्ज्ञ अन्वर शेख म्हणाले. "परिणामाचं चित्र मेंदूनं स्वतः उभं केलं तरच रेघ हिरवी होते. तिला खरंच कळलंय, मॅडम."

"कळणारच! रोज घेऊन बसायचो," देवानंद म्हणाला. "चित्रं दाखवली, बाहुल्या आणल्या. आता तारीख द्या."

शर्वाणींनी त्याला बाहेर पाठवलं आणि दार लावून घेतलं.

"शीतल, पोटातली पिशवी काढली तर काय होईल?"

"मला बाळ होणार नाही. कधीच."

"मग हो का म्हणालीस?"

शीतलनं दाराकडे पाहिलं. "दादा म्हणतो, नाही म्हटलंस तर आश्रमात टाकीन."

"आणि तो तसं म्हणाला नसता तर?"

"तर नको म्हटलं असतं."

रेघ हिरवीच होती.

देवानंदला आत बोलावून शर्वाणींनी शीतलचा नकार सांगितला. तो उसळला. "पालक मी आहे! तिच्या वतीनं मी सही करतो."

"ज्याला कळत नाही त्याच्यासाठी पालक असतो," शर्वाणी म्हणाल्या. "तिला कळतं, हे तुम्हीच सिद्ध केलंत. नव्या कायद्यानं तुमचं पालकत्व आत्ताच संपलं."

देवानंद शीतलच्या खुर्चीजवळ गेला. मग एकदम मवाळ झाला. "बरं, राहू दे ऑपरेशन. चल शीतल, घरी जाऊ."

तिनं जाळी काढून टेबलावर ठेवली, पण खुर्चीवरून उठली नाही.

"घरी नेऊन तू परत घाबरवशील. मी नाही येत."

देवानंद शर्वाणींकडे वळला. "मॅडम, तुम्ही तरी सांगा तिला."

"मी कोण सांगणारी?" शर्वाणी म्हणाल्या आणि शीतलच्या शेजारी खुर्ची ओढून बसल्या. "कुठं राहायचंय तुला?"