आवाजाची पट्टी

"चोरी झाली असं मी म्हणत नाही," शिक्षिका म्हणाली. "पण माझ्या नवऱ्याचं काम कुणीतरी मुद्दाम बिघडवलंय. कुणी, तेही मला माहीत आहे."

"मग माझ्याकडे कशाला आलात?" ताईंनी विचारलं.

"ते सिद्ध करून द्या म्हणून."

ताईंनी चहाचा कप तिच्यापुढे सरकवला. खासगी तपासाचं काम करता करता त्यांचे केस पिकले होते, आणि ज्याला गुन्हेगार आधीच ठाऊक असतो अशा माणसाचं त्या जरा जास्तच लक्ष देऊन ऐकत. शेजारी त्यांचा मावसभाऊ बापू बसला होता. बापूनं पूर्वी कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवलं होतं. हातात चिकाटी भरपूर. डोकं मात्र सगळे निघून गेल्यावर पोचायचं, असं तो स्वतःच हसत सांगे.

शिक्षिकेनं सगळं सांगितलं. तिचा नवरा दिवसभर नकाशे काढण्याची नोकरी करायचा आणि संध्याकाळी जुन्या कॉम्प्युटरवर एक गेम रचत बसायचा. एका बेटावरच्या दीपगृहाचा दिवेकरी, काळोख, आणि हातात कंदील घेऊन चाललेली एक मुलगी. गेम रचायचं साधन, म्हणजे त्याचं टूलकिट, कॉम्प्युटरइतकंच जुनं होतं. नव्या यंत्रांवर ते चालतच नसे. आजार बळावल्यावर त्यानं दिवेकऱ्याचा आवाज स्वतःच भरला. मुलगी पाण्यात पडली की दिवेकरी म्हणे, "उठ. पुन्हा जाऊ." एका वाक्यात त्याला खोकला आला होता, तोही त्यानं तसाच ठेवला. हिवाळ्यात तो गेला. शेवटचा भाग जोडायचा राहिला.

तो भाग त्याचा प्रोग्रामर मित्र पुरा करणार होता. काम निवांत करता यावं म्हणून तो यंत्र आपल्या घरी नेणार होता. आणि न्यायच्या तोंडावर टूलकिट सुरूच होईना.

"दिराला ते यंत्र हवं होतं," ती म्हणाली. "मी नाही म्हटलं, शब्दाला शब्द वाढला. टूलकिट बंद पडलं त्याच्या आदल्याच दिवशी भावोजी घरी येऊन गेले होते. मी त्यांना सांगितलंय, पुन्हा उंबऱ्यात पाऊल टाकू नका."

"घरात आणखी कोण असतं?"

"मी आणि सासरे. अण्णांना यातलं काही सांगितलेलं नाही. यंत्र जाणार हेसुद्धा नाही. आधीच ते मोडून गेलेत."

दुपारी ताई आणि बापू तिच्या घरी गेले. मधल्या खोलीत, खिडकीखाली ते यंत्र होतं, पिवळट पडलेलं. मित्र आधीच येऊन बसला होता. त्यानं डिस्क पुसून टूलकिट नव्यानं भरायची तयारी केली होती. गेमची एक प्रत त्याच्याकडे होती, आवाज भरण्याआधीची. आवाज नंतर पाहू, असं त्याचं म्हणणं.

"जरा थांबा," ताई म्हणाल्या. "पुसलेलं परत येत नाही."

बापूनं यंत्र सुरू केलं. टूलकिटचं नाव आलं, खाली एकेक ओळ उमटत गेली आणि ध्वनीच्या तपासणीवर येऊन सगळं गोठलं. मित्रानं समजावलं, की यापुढची पायरी डिस्कवरची चित्रं वाचण्याची असते. तिथेच अडकतं, म्हणजे डिस्कच गेली. स्पीकर ठीक होते, त्यांचा दिवा लागलेला होता.

तेवढ्यात एक उंच, वाकलेले गृहस्थ दाराशी आले. शिक्षिकेनं ओळख करून दिली: तिचे सासरे, अण्णा. चौकातलं चष्म्याचं दुकान त्यांचंच होतं. गावातल्या निम्म्या लोकांच्या नाकावर त्यांनी घडवलेली फ्रेम असायची. अण्णांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला, पुन्हा घातला. काच होती तशीच धुरकट राहिली.

"डिस्क बिघडली म्हणतात," ते म्हणाले. "दुरुस्त होईल ना? त्यानं फार मेहनत घेतली होती."

बघू या, असं ताई म्हणाल्या. अण्णा मान हलवून आपल्या खोलीत गेले.

बापूनं यंत्र पुढे ओढलं आणि पाठीमागे वाकला. स्पीकरची वायर टेबलामागे नुसतीच लोंबत होती. यंत्राच्या पाठीवर एक उभी फट होती आणि तिच्यात मऊ, पिवळ्या कापडाची नीट घडी बसवलेली होती. बापूनं स्क्रू तपासले. सगळे जागेवर, सारखेच आवळलेले, एकाचीही खाच बिघडलेली नाही.

झाकण उघडल्यावर आत धूळ दिसली, आणि धुळीत एक लांबट स्वच्छ जागा.

"इथे काय असतं?" मित्रानं विचारलं.

बापूनं त्याच्याकडे आश्चर्यानं पाहिलं. "साउंड कार्ड. आवाज याच्यातून बाहेर पडतो. टूलकिट सुरू होताना त्याला हाक मारतं आणि उत्तर आलं की पुढे जातं. कार्डच नसेल तर वाट बघत बसतं. डिस्क ठणठणीत आहे."

मित्र ओशाळला. गेम रचायला तो या यंत्रावर शिकला होता, पण त्याचं झाकण त्यानं कधी उघडलं नव्हतं. ताईंनी त्याला आणि शिक्षिकेला बजावलं, की हे इतक्यात कुणाला सांगायचं नाही. कापडाची घडी त्यांनी पर्समध्ये टाकली.

दिराचं दुकान दोन गल्ल्या पलीकडे होतं. जुने रेडिओ, पंखे, उघडी पडलेली यंत्रं. तो विजेच्या स्क्रू-ड्रायव्हरनं एक डबा बंद करत होता. एक स्क्रू घरंगळून कपाटाखाली गेला. त्यानं तो शोधलासुद्धा नाही.

"वहिनीनं पाठवलं असेल," तो म्हणाला. "चोर पाहायला आलात ना? बघून घ्या."

ताई स्टूल ओढून बसल्या, तेव्हा हळूहळू तो बोलू लागला. ते यंत्र त्या दोघा भावांनी मिळून जोडलं होतं, म्हणून त्याला हवं होतं. सुरुवातीला ते मुकं होतं. मग दादानं कुठूनतरी साउंड कार्ड मिळवलं आणि ती हिरवी पट्टी अण्णांच्या हातावर ठेवून म्हणाला, अण्णा, आवाज यात आहे. अण्णांनी ती भिंगाखाली धरून कितीतरी वेळ पाहिली होती. सांगताना दीर थोडा हसला.

त्याच्या मागच्या टोपलीत तसल्या हिरव्या पट्ट्यांचा ढीग होता.

"परवा घरी कशाला गेला होतात?" ताईंनी विचारलं.

"अण्णांना भेटायला. दादाचं यंत्र परका माणूस नेणार, हे त्यांना कळायला नको? मीच सांगितलं."

"काय म्हणाले?"

"काही नाही. विचारलं, सगळंच नेणार का. मी म्हटलं, सगळंच."

बाहेर पडल्यावर बापू म्हणाला, "मला तर हाच वाटतो. राग आहे, हत्यारं आहेत, आदल्या दिवशी घरात होता."

"टोपली पाहिलीस ना?"

"पाहिली. मग?"

"चल," ताई म्हणाल्या. "आणि त्यालाही बरोबर घे. त्यानं ऐकायला हवं."

उंबऱ्यापाशी दीर थबकला. शिक्षिका बाजूला झाली, पण ये म्हणाली नाही. मधल्या खोलीत सगळे बसले, ताईंनी अण्णांनाही बोलावून घेतलं. अण्णा उघड्या यंत्राकडे पाहत सगळ्यांत शेवटी खुर्चीच्या कडेवर टेकले.

"तुमच्यातल्या प्रत्येकाला वाटतंय, की कुणीतरी गेम मोडायला निघालं होतं," ताईंनी सुरुवात केली. "मला तसं दिसत नाही. गेम मोडायचा असता तर डिस्क काढली असती. चोरायचा असता तरी डिस्कच काढली असती, कारण जे काही आहे ते तिच्यात आहे. डिस्कला हातही लागलेला नाही. गेलंय फक्त साउंड कार्ड. ते काढलं की टूलकिट अडेल, हे त्या माणसाला ठाऊकच नव्हतं.

"हे मित्र पाहा. त्यांना सबंध यंत्र मिळणारच होतं, आणि कार्ड कुठे असतं हेही त्यांना माहीत नव्हतं. धाकट्या भावाच्या दुकानात अशी कार्डं टोपलीभर पडलीत. शिवाय त्यांनी बंद केलेल्या डब्यात एखादा स्क्रू कमी असतो. इथे प्रत्येक स्क्रू जागेवर आहे, बारीक कामाची सवय असलेल्या हातानं बसवलेला. त्या माणसानं रिकाम्या फटीत कापडसुद्धा लावलं, आत धूळ जाऊ नये म्हणून. ज्याचं वाईट करायचं त्याला धुळीपासून कोण जपतं?"

त्यांनी पर्समधून पिवळी घडी काढून उलगडली. कापडाचा चौकोनी तुकडा, कडा करवतीसारख्या कापलेल्या.

"चष्मा पुसायचं कापड," बापू पुटपुटला.

"आयुष्यभर काचा घासलेला माणूस आज सदऱ्यानं चष्मा पुसत होता," ताई म्हणाल्या. त्यांचा आवाज आता खाली आला होता. "अण्णा, यंत्र जाणार हे तुम्हाला कळलं होतं. आवाज कशात असतो, हे तुमच्या मुलानं फार पूर्वी तुम्हाला सांगितलं होतं. तुम्ही तेवढाच ठेवून घेतलात ना?"

अण्णांनी ते कापड घेऊन त्याची पुन्हा घडी घातली.

"चित्रं नेऊ देत," ते म्हणाले. "मला त्या गेममधलं काही कळत नाही. म्हटलं, चित्रं जातील, गेम होईल, लोक खेळतील. आवाजाशिवायही चालत असेल. हे बंद पडलं ते त्यामुळे, हे मला कळलं नाही. सगळे डिस्क डिस्क म्हणत होते."

"माझ्याकडे मागायचं होतंत, अण्णा," शिक्षिका म्हणाली.

"तू मला काही सांगितलंस का?"



अण्णा उठून खोलीत गेले आणि मऊ अस्तर लावलेली चष्म्याची पेटी घेऊन आले. आत ती हिरवी पट्टी होती. रात्री उशाशी ठेवतो, ते म्हणाले. कशावर लावायची ते ठाऊक नाही, पण आहे एवढं माहीत असलं की झोप लागते.

बापूनं ताईंकडे पाहिलं. ताईंनी अशी कितीतरी रहस्यं उलगडून सांगितली होती. पुढचं वाक्य मात्र त्यांच्या तोंडून निघेना. ते धाकट्यानं सांगितलं. तो वडिलांसमोर खाली बसला.

"अण्णा, आवाज यात नसतो. यातून येतो फक्त. तो डिस्कवर आहे."

"म्हणजे यात..."

"काही नाही."

अण्णांनी पट्टीवरून बोट फिरवलं. "आणि डिस्क तर पुसणार होते," ते म्हणाले.

मित्रानं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

बापूनं कार्ड जागेवर बसवलं, धाकट्यानं वायर लावली. शिक्षिका त्याच्याजवळ जाऊन म्हणाली, "भावोजी, माझं चुकलं." त्यानं मान हलवली, पण तिच्याकडे पाहिलं नाही. तेवढ्यानं ते मिटणार नव्हतं, हे दोघांनाही कळत होतं.

यंत्र सुरू झालं. ओळी उमटल्या, ध्वनीची तपासणी पार पडली, टूलकिट उघडलं. मित्रानं सगळ्यात आधी आवाजाच्या प्रती काढायला घेतल्या. एकेक वाजवून तो नावं सांगत होता. शेवटी एक नाव नसलेलं ध्वनिमुद्रण निघालं, बहुधा टाकून दिलेलं. त्यानं ते लावलं.

खुर्ची करकरली. कागद हलला. दिवेकऱ्याचं वाक्य सुरू झालं आणि मध्येच तुटलं. लांबून अण्णांचा आवाज आला, दूध गार होतंय रे. मग मुलाचा, दमलेला, थोडा वैतागलेला:

"अण्णा, दार लावा ना. रेकॉर्डिंग चाललंय."

अण्णा उठले, दारापाशी गेले, त्यांनी ते आवाज न करता लोटून घेतलं, आणि पुन्हा आपल्या जागी येऊन बसले.