नऊ, दहा, अकरा

"अहो, बोट काढा आधी! ते काय सूप आहे चाखायला?"

सफीदरूद नदीच्या मुखाजवळच्या मत्स्यबीज केंद्रात त्या सकाळी पिल्लं समुद्रात नेणारा नवा टँकरवाला आला, कूशयार. आणि आल्या आल्या या महाशयांनी गुलनारच्या टाकीत बोट बुडवून चाटलं! त्या टाकीत स्टर्जन माशाची चार हजार पिल्लं होती, बोटभर लांबीची, अंड्यातून निघाल्यापासून तिनंच वाढवलेली.

"माफ करा, खानम," तो अदबीनं हसला. "आम्ही पिढीजात कोळी. पाणी दिसलं की जीभ ऐकत नाही. पण हे तर गोडं! समुद्रात कशी जगणार ही?"

"एकदम टाकली तर मरतीलच. म्हणून मीठ हळूहळू वाढवायचं. आज लिटरला चार ग्रॅम, दोन दिवसांनी आठ, मग बारा. बारा म्हणजे आपला हा उत्तरेचा, कमी खारा समुद्र. ते सोसलं की सोडायची."

"आणि मग माझं काम संपलं?"

"संपलं."

"मग जरा सावकाश वाढवा ना..." तो म्हणाला, आणि गुलनारला उगाचच मिठाचा आकडा लिहायचा फळा पुसावासा वाटला.

रोज सकाळी तो यायचा, बोट बुडवायचा, डोळे मिटून सांगायचा, "चार!" त्याचं कधी चुकायचं नाही. मग पत्र्यावर भुरभुर पाऊस, दोन पेले चहा, दातात खडीसाखर. इथलं काम झालं की तो दक्षिणेला बंदर अब्बासला जहाजावर जाणार होता. पण दर वसंतात पिल्लं न्यायला त्यालाच बोलवायचं, असं केंद्राच्या साहेबांनी, आगा शकीबांनी, कबूल केलं होतं.

आठ झालं. आता बारा करायचं, की दोन दिवसांत निरोप. साहेब नेमके आठवडाभर रश्तला गेलेले.

"यंदा पिल्लं नाजूक आहेत," गुलनार त्याच्याकडे न बघता म्हणाली. "एकेक ग्रॅमच वाढवते." तिनं फळ्यावर नऊ लिहिलं. मीठ मात्र घातलं नाही. वेडेपणा, दुसरं काय!

कूशयारनं बोट चाटलं. "वा! नऊ!"

दुसऱ्या दिवशी "दहा!", तिसऱ्या दिवशी "अकरा!" त्याची जीभ फसली म्हणून ती मनात हसली.

त्याच दुपारी वारा पडला. अंगाची लाही व्हावी असं ऊन, आणि वाढलेल्या पिल्लांनी खच्चून भरलेली टाकी. पाण्यातला प्राणवायू संपत गेला आणि संध्याकाळपर्यंत पांढरी पोटं वर आली. निम्म्याहून जास्त गेली. गुलनार जाळीनं ती काढत होती आणि तिला रडूही येत नव्हतं.

"ही कालच समुद्रात हवी होती! का थांबलात?" बातमी ऐकून दुसऱ्या दिवशी रश्तहून परतलेले साहेब गरजले.

गुलनारनं जाळी खाली ठेवली.

"माझी गाडी बंद पडली होती, आगा," कूशयार म्हणाला. "खानमना मीच थांबवलं."

"उरलेली सोड आणि चालता हो. पुन्हा या फाटकात पाऊल टाकायचं नाही!"

दोन दिवसांनी, बारा सोसलेली पिल्लं मुखापाशी समुद्रात उतरली. पाऊस भुरभुरत होता.

"का खोटं बोललात?" तिनं विचारलं.

"तुमच्याकडूनच शिकलो. तिन्ही दिवस आठच होतं."

ती गर्रकन वळली. "माहीत होतं? मग नऊ, दहा, अकरा कशाला म्हणत होता?"

"मलाही जायचं नव्हतं, गुलनार."

त्याच्या तोंडचं ‘खानम’ गळून पडलं होतं, पहिल्यांदाच. तिला हुंदका फुटला. "मी आत्ता जाऊन सांगते साहेबांना—"

"नको. तुझी नोकरी जाईल. मग पुढच्या पिल्लांचं कोण बघणार? मरायची ती आपल्या दोघांमुळे मेली. आता उरलेल्यांचं तरी बघ." त्यानं तिच्या ओल्या गालाला बोट लावलं, सवयीनं ओठांशी नेलं, पण आकडा काही सांगितला नाही.

ती गप्प राहिली. साहेबांपुढेही, वर्षभर.

पुढच्या वसंतात टँकर आला. नवा माणूस गाडीतून उतरलाच नाही, नुसता हॉर्न वाजवत बसला. गुलनारनं टाकीत बोट बुडवून चाखलं. बारा होतं, अगदी वेळेवर. ती उगाच क्षणभर थांबली. मग स्वतःच हळूच म्हणाली, "बारा," आणि पिल्लं टँकरमध्ये भरायला घेतली.