देव तुला माफ करो

हे घडलेलं आहे. विश्वास ठेवा, नका ठेवू.

रिफअत खोटं बोलणारा माणूस नाही. म्हणजे, आयुष्यात एकदाच बोलला... आणि त्याचीच ही गोष्ट आहे.

कैरो. रमजानचा तेविसावा दिवस. सूर्य बुडायला पाच मिनिटं.

रिफअत सिनेमांच्या आवाजाचं काम करतो. पन्नाशीला आलेला, घरात एकटा. त्याचा स्टुडिओ पाचव्या मजल्यावर आणि लिफ्ट कायमची बंद. ईदला लागणाऱ्या एका भयपटाचं काम चाललं होतं. त्यात रक्त नाही, किंकाळ्या नाहीत. आईशी वाईट वागलेला मुलगा आणि ती गेल्यावर त्याच्या मनाला लागलेली टोचणी, एवढंच. शेवटी मेलेली आई अंधारातून म्हणते, "मी तुला माफ केलं." आणि सिनेमा संपतो.

उपास सोडायला सगळे घरी पळत होते. दिग्दर्शक हातिम दारात थांबला.

"चल की रे उस्ताद. माझी आई तुझ्यासाठीही वाढेल."

"नको. हे संपवतो."

"मग खजूर तरी खा. नाहीतर सिनेमातल्या भुताच्या आधी तुझंच भूत होईल!"

हसत हसत तो पाच मजले उतरला. त्याची पावलं ऐकू येत राहिली... मग तीही थांबली.

उपास सोडायची तोफ झाली.

त्या अर्ध्या तासात अख्खं कैरो ताटावर बसलेलं असतं. रस्त्यावर गाडी नाही, माणूस नाही, हॉर्न नाही. ज्याची कोणी वाट बघत नाही, त्याने त्या वेळी खिडकीतून बाहेर बघू नये. रिफअतने बघितलं. आणि त्याला इन्साफ आठवली.

इन्साफ त्याची थोरली बहीण. आई गेली तेव्हा तो सहा वर्षांचा होता. लोकांच्या कपड्यांना इस्त्री करून तिने त्याला वाढवलं, शिकवलं. स्वतः लग्न केलं नाही.

मागच्या वर्षी ती एकदा स्टुडिओत आली होती. काळा झगा, पायात रबरी चपला, हातात भात भरलेल्या कोबीच्या पानांचं पातेलं. पाच मजले चढून धापा टाकत दारात उभी राहिली. आत बडी मंडळी बसली होती. एका बाईंनी विचारलं, "या कोण?"

रिफअत म्हणाला, "खालच्या दारवानाची बायको. जेवण आणून देते."

इन्साफने ऐकलं.

तिने पातेलं सावकाश खाली ठेवलं. त्याच्याकडे बघितलं आणि म्हणाली, "देव तुला माफ करो."

बस्स. गेली.

आता ऐकणाऱ्याला वाटेल, आशीर्वादच दिला की! पण तिथलं शेंबडं पोरही सांगेल. ज्याने माफ केलं तो म्हणतो, "मी माफ केलं." ज्याच्याच्याने होत नाही, तो देवावर ढकलतो. आपण "देव बघून घेईल" म्हणतो ना, तसंच.

रिफअतने नंतर तीनदा फोन लावला. तीनदा घंटी वाजायच्या आत कापला. काय तोंडाने बोलणार? दोन महिन्यांत ती गेली. माफी मागायची राहिली ती राहिलीच.

असो. तो कामाला लागला.

प्रत्येक खोलीची स्वतःची शांतता असते. ती वेगळी रेकॉर्ड करून संवादाखाली घालावी लागते, नाहीतर आवाज कापून चिकटवल्यासारखा वाटतो. रिफअतने पंखा बंद केला. फ्रिज बंद केला. दार लावलं. श्वास रोखून तीस सेकंद रिकामी खोली रेकॉर्ड केली.

मग हेडफोन लावून ऐकली.

शांतता...

शांतता...

आणि खूप खालून... रबरी चपला.

एक एक पायरी.

त्याने हेडफोन काढला. जिन्यात काही नाही. पुन्हा लावला.

चपला वर येत होत्या. मधे थांबत होत्या. दम खाऊन पुन्हा चढत होत्या.

तीस सेकंद कधीच होऊन गेले होते. आवाज थांबत नव्हता.

शेवटी दारापाशी धाप ऐकू आली... मग खोलीत... मग अगदी माईकजवळ.

मग धापही थांबली.

रिफअतला रडू फुटलं. "इन्साफ," तो म्हणाला, "मला लाज वाटली गं तेव्हा. तुझी वाटली. आता माझी वाटते. मला माफ कर."

तो हेडफोन कानांवर दाबून ऐकत राहिला.

मग त्याने ती शांतता सिनेमाच्या शेवटच्या संवादाखाली घातली आणि बटण दाबलं.

आईचं काम केलेल्या सनीयाबाईंचाच आवाज आला. पण शब्द...

"देव तुला माफ करो."

त्याने शांतता काढून टाकली. नुसता संवाद लावला.

"देव तुला माफ करो."

त्याने सनीयाबाईंना फोन लावला.

"अरे बाबा, तोंडात घास आहे माझ्या! दिवसभराचा उपास आहे!"

"मादाम, शेवटचं वाक्य तुम्ही काय म्हणालात?"

"कागदावर होतं ते! माफ केलं म्हणाले. का? अजून किती वेळा माफ करू त्या नालायकाला?"

दुसऱ्या दिवशी त्याने त्यांना परत बोलावलं. काचेपलीकडे त्यांचे ओठ स्पष्ट हलले... मी तुला माफ केलं. हातिमने खूश होऊन अंगठा दाखवला. रिफअतच्या कानात मात्र तेच. देव तुला माफ करो.

"पुन्हा घेऊ."

सात वेळा घेतलं. सातव्यांदा सनीयाबाई भडकल्या. "रिफअत, आमच्या पोटाला उपास आहे, तुझ्या कानांनाही लागला का रे?"

हातिमने त्याला बाजूला घेतलं. "उस्ताद, बरा आहेस ना? वाक्य सोन्यासारखं आलंय. सोड आता."

सोडलं. काय करणार?

ईदला सिनेमा लागला. हॉल भरलेला. शेवटच्या वाक्याला बायामाणसं डोळे पुसत होती. रिफअतने शेजारच्या गृहस्थाला विचारलं, "ती काय म्हणाली हो?"

"माफ केलं म्हणाली. आईच ती! रडण्यात ऐकू नाही आलं वाटतं?"

रिफअत दुसऱ्या दिवशी गेला. तिसऱ्या दिवशीही गेला. रोज दुपारच्या खेळाला जायचा. रोज कोणाला तरी विचारायचा. सगळे एकच सांगायचे. अख्ख्या शहराला एकच गोष्ट ऐकू येत होती आणि त्याला एकट्याला दुसरी. इतका एकटा तो इन्साफ गेली त्या दिवशीही नव्हता.

चौथ्या आठवड्यात हॉल रिकामा पडायला लागला. त्या दुपारी सात-आठ माणसं असतील. त्याच्या रांगेत, दोन खुर्च्या सोडून, एक म्हातारी बसली होती. एकटीच.

शेवटचं वाक्य आलं. त्याला ऐकू आलं ते आलं.

पडदा काळा झाला. तो सवयीने वळला. "आजी, ती शेवटी काय म्हणाली?"

म्हातारीने वळून त्याच्याकडे बघितलं.

मग तिने हळूच विचारलं, "तुम्हालाही... तेच ऐकू आलं?"

रिफअतने मान डोलावली.

"तुमचं कोण?" तिने विचारलं.

"बहीण. तुमचं?"

"मुलगा."

दिवे लागले. झाडूवाला आला. दोघंही उठले नाहीत. तिने काय केलं होतं, हे त्याने विचारलं नाही. तिनेही विचारलं नाही. तिने फक्त एवढं सांगितलं, की ती पहिल्या दिवसापासून येतेय. आणि हेही, की आणखी एक माणूस येतो, मागच्या रांगेत बसतो, दिवे लागायच्या आत निघून जातो.

हे रिफअतने मला स्वतः सांगितलं. सांगताना तो माझ्याकडे बघत नव्हता.

मी अजून तो सिनेमा पाहिलेला नाही. माझंही एका माणसाशी बोलायचं राहून गेलंय. दोनदा तिकीट काढलं... दोन्ही वेळा दारातून परत आलो.