सुनकेशरी ऊर्फ माइली

पोखऱ्याच्या पेन्शन कचेरीत वर्षातून एकदा नवरा जिवंत आहे हे दाखवावं लागतं. मी दर वर्षी दाखवते. त्या सकाळीही त्यांना धुतलेली टोपी घातली, कोटावर पदकं लावली आणि टॅक्सीत बसवून नेलं. कचेरीच्या अंगणात म्हाताऱ्या लाहुऱ्यांची, म्हणजे पलटणीतून निवृत्त झालेल्या शिपायांची, जत्रा भरली होती. कुणी खोकत होतं, कुणी जुन्या चकमकींच्या फुशारक्या मारत होतं, आणि बायका उन्हाला पाठ देऊन संत्री सोलत बसल्या होत्या. माछापुच्छ्रेचं शिखर स्वच्छ दिसत होतं. ह्यांचा दमही त्या दिवशी बरा होता.

खिडकीतल्या कारकुनाने पलटणीतून सुटताना मिळालेलं त्यांचं डिस्चार्ज बुक उघडलं. "ह्यांच्या मागे पेन्शन बायकोला लागायची असेल तर जोडीचा फोटो आणावा लागेल," तो म्हणाला. "बायको माइली. आल्यात का त्या?"

"मग मी काय शेजारीण वाटले? मी बायको. सुनकेशरी गुरुंग."

त्याने पान माझ्याकडे फिरवलं. नाव तुलजंग गुरुंग, गाव बरोबर, जन्मसाल बरोबर. पत्नी: माइली.

"मग ही माइली कोण, आमा?" त्याने विचारलं.

आमच्यात घरी कुणी कुणाला नावाने हाक मारत नाही. थोरली ती जेठी, दुसरी माइली, तिसरी साइली आणि शेंडेफळ ते कान्छी. मी कान्छी. सुनकेशरी हे माझं नाव नवऱ्याच्या तोंडून मी उभ्या जन्मात ऐकलेलं नाही, आणि त्याचं मला काही वाटलंही नाही. पण दुसरी आणि शेवटची यांत गल्लत व्हायची तर नवरा दारू प्यायलेला तरी हवा, नाहीतर त्याच्या मनात दुसरी तरी हवी. आमचे हे दारूला शिवत नाहीत.

बाहेर आल्यावर मी सुबेदार नरध्वज दाइंना गाठलं. ते ह्यांच्याच पलटणीतले, आणि निवृत्तीनंतर सगळ्यांची कागदपत्रं तेच मार्गी लावतात. पलटणीत एकाच नावाचे चार-चार जण असत, म्हणून शिपायाला त्याच्या नंबराच्या शेवटच्या दोन आकड्यांनी हाक मारायची रीत होती. नरध्वज दाइ अजूनही ह्यांना 'एकसष्ट'च म्हणतात.

"घाबरू नका, वहिनी," ते म्हणाले. "आमच्यात अजून एक तुलजंग होता, सत्तावीस. त्याची बायको एकसष्टच्या खात्यावर चढली असेल. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय!"

मला इतकं हायसं वाटलं की मी त्यांना चहा पाजला. पण चहा पिता पिता त्यांचाच हात थांबला. "नाही हो," ते म्हणाले. "सत्तावीस बिचारा लग्नाआधीच गेला."

घरी आल्यावर ह्यांना ओसरीवर बसवलं, पुढ्यात ढिंडो आणि गुंद्रुकाची आमटी ठेवली, आणि पहिला घास तोंडात जायच्या आत विचारलं, "माइली कोण?"

ते शांतपणे जेवले. हात धुतला. त्यांना धाप लागते, म्हणून एकेक शब्द सुटा टाकत बोलतात.

"तुमच्या घरी मुलगी बघायला आलो होतो. एका मुलीने पाणी दिलं. लोटा देताना हसली. आतून कुणीतरी हाक मारली, 'माइली'. मग ती आत गेली."

"मग?"

"मग काय, मी होकार दिला."

"कुणाला?"

"लग्नात बघितलं तर तू. चेहरा तसाच होता. म्हटलं, तीच असेल. विचारणार कुणाला? पुढे पलटणीत कारकुनाने बायकोचं नाव विचारलं, तेव्हा तोंडातून तेच निघालं."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. वर्षातले दहा महिने पलटणीने ह्यांना पळवलं ते मी सोसलं, पोरं एकटीने वाढवली, सासू-सासऱ्यांचं केलं, लोकरीचं दुकान टाकून घर उभं केलं. आणि ह्यांनी होकार दिला तो कुणा पाणी देणारीला! ह्यांच्या बघण्याच्या दिवशी मी तर घरी नव्हतेच. म्हशीला गवत आणायला डोंगरावर गेले होते.

मी लमजुंगला जेठी दिदीला फोन लावला. आमच्या घरात माइली मी कधी बघितलीच नव्हती, पण दिदी सगळ्यांत थोरली, तिला सगळं आठवतं.

"माइली?" ती म्हणाली. "अगं, ती तर जन्मली त्याच आठवड्यात गेली. म्हणून तर बघ ना, मी जेठी, मग एकदम साइली, मग तू. मधली जागा रिकामी."

"मग त्या दिवशी 'माइली' म्हणून हाक कुणी मारली?"

"आई मारायची कधी कधी. सवयीने. आम्ही कुणी 'ओ' देत नसू."

आता मेलेल्या बाळाचा मत्सर करायचा म्हणजे हद्दच झाली. मी स्वतःला समजावलं की गावात मावस-चुलत बहिणी ढीगभर असतात, त्यांतली कुणी माइली पाणी द्यायला पुढे झाली असेल. मी तराजूवर लोकर विकणारी बाई आहे. वजन भरेल तेवढंच मी खरं मानते.

चार दिवसांनी शेजारच्या भांड्यांच्या दुकानातली तिलमाया म्हणाली, "बहीण आलीय वाटतं तुमच्याकडे?"

"नाही. का गं?"

"काल दुपारी छतावर तुमच्या ह्यांच्या डोक्याला तेल लावत होती. चेहरा अगदी तुमचाच. फक्त हसरा."

मी तशीच दुकानाचं दार ओढून घरी गेले. ह्यांचे केस चापून बसवलेले होते आणि मोहरीच्या तेलाचा वास येत होता. मी म्हटलं, "तेल कुणी लावलं?" ते म्हणाले, "कालच लावलंस की तू."

मी दुकानात जाताना बाहेरून फाटकाला कुलूप घालू लागले. एके दिवशी आले तर ह्यांची नखं कापलेली. दर शनिवारी नखं मी कापते, आणि मी भराभर कापते, कुठे कुठे लागतंही. ही नखं गोल, नीट, कड गुळगुळीत केलेली. कापलेले तुकडे एका द्रोणात भरून खिडकीत ठेवले होते. कोटाची उसवलेली बाही शिवलेली होती. टाके इतके बारीक की बोट फिरवलं तरी लागत नव्हते. माझी शिवण म्हणजे गोणपाटाची.

"तूच केलंस," ते म्हणाले, आणि माझ्याकडे बघून असे हसले की तसं त्यांना हसता येतं हेच मला ठाऊक नव्हतं.

मी चिडून दोन दिवस दुकान बंद ठेवलं आणि घरात ठाण मांडून बसले. कुणी आलं नाही. पण ते सुकले. जेवण परत जाऊ लागलं, खोकला वाढला, ओठ काळे-निळे दिसायला लागले. डॉक्टरांनी औषध बदललं, उपयोग झाला नाही. तिसऱ्या दिवशी नाइलाजाने दुकान उघडलं. दुपारी परत आले तर ते ओसरीवर उन्हात बसून शीळ घालत होते. गालांवर रंग होता.

कुणा परकीच्या हातून माझा नवरा बरा होत होता. मला आनंद व्हायला हवा होता. मी मोरीत जाऊन रडले, दुःखाने नाही, रागाने.

डॉक्टर मात्र म्हणाले होते की फुप्फुसं फार दिवस साथ देणार नाहीत. वहीत चूक तशीच राहून हे गेले असते, तर पेन्शन माझ्या हाती लागली नसती. एवढंच असतं तरी मी दुकानावर भागवलं असतं. पण सरकारदरबारी ह्यांची विधवा म्हणून कायमची तीच राहिली असती. मी ह्यांची कुणीच लागत नव्हते, असं कागद म्हणाला असता. ते मला सोसवणारं नव्हतं.

जोडीच्या फोटोसाठी बगर भागातल्या स्टुडिओत गेलो. फोटो काढणारा मुलगा नवखा होता. त्याने ह्यांना मधे बसवलं आणि दोन्ही बाजूंना एकेक स्टूल मांडलं.

"तिसरं कशाला?" मी विचारलं.

तो माझ्या खांद्यामागे बघत राहिला. मग ओशाळून म्हणाला, "जोडीचाच ना? माफ करा, आमा. मला वाटलं..." स्टूल उचलताना तो "जरा बाजूला" असं हळूच म्हणाला.

दुसऱ्याच दिवशी मी नरध्वज दाइंकडे गेले. "तिचं नाव खोडून टाका. काय लागेल ते करा."

"पलटण खोडत नाही, वहिनी. माइलीला काढायचं तर ती वारली की सोडली, ह्याचा दाखला पाहिजे. जी कधी नव्हतीच तिच्या मरणाचा दाखला देणार कोण? उलट एकसष्टनेच खोटं लिहून दिलं असं ठरायचं, आणि त्याचं आहे तेही अडकायचं."

"मग?"

"सोपं आहे. शपथेवर सांगायचं की माइली आणि सुनकेशरी एकच. दोन नावं, बाई एक. वॉर्डाचा शिक्का मी आणतो. सुंठीवाचून खोकला गेला."

"मी आणि ती एकच?" माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "त्यापेक्षा सवत पत्करली, दाइ. सवतीच्या निदान झिंज्या तरी उपटता येतात!"

ते हसले. "उपटा की. शपथ घेतलीत की झिंज्याही तुमच्याच."

घरी येईपर्यंत मी धुमसत होते. दार उघडलं तर हे झोपले होते, आणि त्यांच्या अंगावर माझी लग्नातली शाल नीट दुमडून घातली होती. ती शाल ट्रंकेच्या तळाशी असते आणि ट्रंकेची किल्ली माझ्या कमरेला असते. तिथेच मी ठरवलं. तिच्याकडे आहे काय? एक नाव आणि वहीतली एक ओळ. ती ओळ माझी झाली की तिला राहायला जागा कुठली? मी तिला शपथेनेच संपवणार होते.

शपथेच्या दिवशी कचेरीतल्या साहेबांनी मजकूर वाचला. "माझ्यामागून म्हणा," ते म्हणाले. "मी, सुनकेशरी ऊर्फ माइली."

मला वाटलं होतं, दुसऱ्या नावाशी जीभ अडखळेल.

ती पहिल्या नावाशी अडखळली. साहेबांना ते दोनदा सांगावं लागलं.

दसैंच्या सणाआधी वही दुरुस्त होऊन आली. नरध्वज दाइंनी मिठाई वाटली. घरात कुणी यायचं बंद झालं. ह्यांचे केस विस्कटलेलेच राहायचे, नखं वाढायची. मीच तेल लावू लागले, मीच नखं कापू लागले. घाई करावीशी वाटत नव्हती. कड गुळगुळीत झाल्याशिवाय हात थांबत नव्हता.

तिलमाया म्हणाली, "हल्ली बऱ्या हसता तुम्ही."

हे मला 'माइली' म्हणून हाक मारायला कधी लागले ते आठवत नाही. मी 'ओ' कधी दिली तेही नाही. त्यांची तब्येत टिकून होती. ते माझ्याकडे बघून तसेच हसत, आणि ते हसू आता माझं होतं. मी सुखात होते.

परवा दुपारी ओसरीवर त्यांचा हात मांडीवर घेऊन मी नखं कापत होते. ऊन चांगलं होतं.

"कान्छी दिसली नाही बरेच दिवसांत," ते म्हणाले.

मी करंगळीचं नख कापत होते.

"फटकळ होती," ते म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते. "पण तिने माझ्यासाठी जन्म काढला. मी कधी बोललो नाही तिला. बोलायला हवं होतं."

इतक्या मायेने ते कुणाबद्दल बोललेलं मी ऐकलं नव्हतं. माझी कानशिलं तापली.

"कोण कान्छी?" मी विचारलं.

त्यांनी अंगणाच्या फाटकाकडे बोट केलं. "ती काय, उन्हात उभी आहे. पाठीवर गवताचा भारा आहे. दमलेली दिसतेय गं. आत घे तिला."

मी फाटकाकडे बघितलं.

मग त्यांना हाताला धरून घरात आणलं, आणि दाराला आतून कडी घातली.