दोघांच्या नावावर

माणगावच्या एसटी स्टँडवर चौलची प्रणाली पेंगत बसली होती. शेजारी एक तरुण टेकला, लॅपटॉप उघडला आणि करवादला, "ही बाई उत्तर देईल तर शप्पथ!"

प्रणालीनं तिरकं पाहिलं अन् तिची झोपच उडाली. स्क्रीनवर तिचंच सॉफ्टवेअर पॅकेज! बंदरातल्या कंटेनरच्या नंबरातली चूक पकडणारं, तिनं कॉलेजात लिहून जगाला फुकट देऊन टाकलेलं. चार वर्षं एकटीच सांभाळत होती. कामावरून यावं तर तक्रारींचा ढीग, आभार मानायला मात्र कुणी नाही! विटली होती बिचारी. आज 'बंद' अशी पाटी लावून ती मोकळी होणार होती.

"ती बाई... मीच," ती म्हणाली.

तो उडालाच. "तुमी? मी कुलदीप, उरणचा. काळूराम नावानं दुरुस्त्या धाडतो ना, तो मीच."

"अगंबाई! मी तर काका-काका लिहीत होते!"

"आजाचं नाव हाय ते." त्याचे कान लाल झाले. "तुमी 'तब्येतीला जपा काका' लिवलं... मग सांगायची हिंमतच न्हाय झाली."

प्रणाली खळखळून हसली. मग तिचं हसू ओसरलं. "दमले हो मी. बंद करतेय आज."

"नका ना! न्हावा शेव्याला आमचं कंटेनरचं यार्ड त्यावरच चालतंय. मला द्या. तुमी सुटा."

"एकट्यानं घ्याल तर दोन वर्षांत माझ्यासारखेच व्हाल." तिनं स्वतःचा लॅपटॉप काढला आणि पॅकेज सांभाळणाऱ्यांच्या यादीत आपल्या नावाखाली त्याचं नाव घातलं. "नियम एकच. आपलं काम आपण पास करायचं नाही, दुसऱ्यानं तपासायचं."

"म्हंजे रोज बोलावं लागंल?"

"रोज."

"भांडण झालं तरी?"

"तरीसुद्धा!"

तो घुटमळला. "मग एक कबूल करतो... दोन वर्षं मी मुद्दाम चुका हुडकत होतो. तुमचं उत्तर यावं म्हणून. आवडता तुमी मला."

"म्हणजे माझ्या दमण्यात निम्मा वाटा तुमचा!"

"व्हय," तो ओशाळला.

रागवायला हवं होतं... पण छातीत काहीतरी हलकं-हलकं होत होतं.

"मीही तुमच्याच दुरुस्त्यांची वाट बघायचे," ती हळूच म्हणाली. "बाकीचं नंतर बोलू, आता त्राण नाही. आजच्या तक्रारी तुम्ही बघा."

आपला लॅपटॉप त्याच्या मांडीवर ठेवून तिनं भिंतीला डोकं टेकलं. चार वर्षांत पहिल्यांदाच, काम अर्धं टाकून ती निर्धास्त झोपली.