शेवटचं आधी

"छान भरलीत गाडी," तो म्हणाला. "आता सगळी उतरवा."

मी वळून पाहिलं. मनगटात बांगडीसारखं चिकटपट्टीचं भेंडोळं अडकवलेला एक उंच माणूस माझ्या व्हॅनच्या दाराशी उभा होता. माझा कामाचा पहिला दिवस. अंगाला घाम, हाताला खोक्यांची धूळ, आणि एकशे बारा पार्सलं नुकतीच आत रचून झालेली.

"का उतरवू?"

"पहिलं पार्सल कुणाकडे द्यायचंय?"

"चष्म्याच्या दुकानात."

"आणि ते आहे कुठं?"

मी आत पाहिलं... ते होतं अगदी आत, ड्रायव्हरच्या सीटमागच्या पत्र्याला टेकून. त्याच्यापुढे एकशे अकरा खोकी. मी सर्वांत आधी तेच उचलून ठेवलं होतं ना! बाबांनी मला गाडी चालवायला शिकवली होती, भरायला शिकवायचं राहूनच गेलं होतं.

"जे शेवटी द्यायचं, ते आधी भरायचं," तो म्हणाला. "जे आधी द्यायचं, ते दारापाशी. या धंद्यात एवढंच शहाणपण आहे, बाकी सगळी हमाली."

खरं सांगायचं तर मला त्याचा रागच आला. पण तो नुसता शिकवून गेला नाही. बाह्या वर करून त्यानं सगळी गाडी माझ्याबरोबर उतरवली आणि परत भरली. एरवी तो आत, सरकत्या पट्ट्यावर पार्सलं वेगळी करायचा. बाहेरच्या माणसाची पाठ धरली म्हणून त्या दिवशी तेवढा गाड्या भरायच्या धक्क्यावर आलेला. त्या बिचाऱ्याची पाठ पुढे दोन महिने सुधारली नाही, आणि मी एकदाही देवाकडे ती लवकर सुधारावी असं म्हटलं नाही.

सगळे ड्रायव्हर त्याला टेप म्हणायचे. मला तो सतरा नंबर म्हणायचा, कारण माझा रूट सतरा नंबरचा होता. एकोणीस वर्षं तो रूट बाबांचा होता. संध्याकाळी समोरच्या गाड्यांचे दिवे त्यांच्या डोळ्यांना फुटल्यासारखे दिसायला लागले, तेव्हा त्यांनी किल्ली माझ्या हातात ठेवली. रूट आणि गाडी, दोन्ही माझी झाली.

आम्ही कंपनीचे नोकर नव्हतो हं. करारात आम्हाला 'भागीदार' म्हटलेलं. म्हणजे गाडी आमची, डिझेल आमचं, पंक्चर आमचं, तापसुद्धा आमचाच. कंपनीचं काय, तर गाडीवर लावायला एक स्टिकर. टेप मात्र पगारी माणूस. त्याच्या गळ्यात फोटोचं कार्ड होतं.

चौथ्या दिवशी शेवटचं पार्सल उचललं, तर त्याच्याखाली गाडीच्या तळाला एक कागद चिकटवलेला. 'आज तुमच्या केसात थर्माकोलचा गोळा होता. मुद्दाम सांगितलं नाही. शोभत होता.'

मी आरशात पाहिलं. गोळा अजून तिथंच! दिवसभरात एकशे नऊ दारं वाजवली होती मी तो मिरवत. संतापून एकटीच कितीतरी वेळ हसत बसले.

मग ते रोजचंच झालं. गाडी रिकामी होता होता माझे हात भराभर चालायला लागायचे. कधी पेपरमिंटची गोळी, कधी हातमोजे, कधी नुसती एक ओळ. दुसऱ्या दिवशी मी उत्तर द्यायची ते परत आलेल्या पार्सलांवर. 'पार्सल न दिल्याचे कारण' अशी एक रिकामी जागा असते ना, तिथं मी लिहायची, 'भरणाऱ्याचे अक्षर लागले नाही.'

एकदा खोक्याच्या पट्टीनं माझं बोट कापलं. त्यानं कापूस ठेवून वर चिकटपट्टी गुंडाळली आणि उरलेली दातांनी तोडली... माझ्या बोटाच्या इतक्या जवळ, की मी श्वास घ्यायची विसरले.

"झालं. सीलबंद," तो म्हणाला. "वर 'नाजूक' असं लिहू?"

"लिहा. आणि 'फेकू नये' असंही लिहा."

"कोण फेकतंय..." तो पुटपुटला, आणि कानापर्यंत लाल झाला.

दुसऱ्या दिवशीच्या चिठ्ठीत 'तुम्ही'चं 'तू' झालं होतं. 'तू हसलीस की माझी मोजणी चुकते.' संध्याकाळी आम्ही धक्क्याच्या कडेवर पाय सोडून मशीनचा पाणचट चहा प्यायचो. पाऊस असला की पत्र्यावरून पाण्याची झालर पडायची, ओल्या पुठ्ठ्याचा वास सुटायचा, आणि आमच्या दोघांच्या मधलं अंतर रोज एका खोक्यानं कमी व्हायचं.

समोर असताना मात्र तो फारसं बोलायचा नाही. जे काही असेल ते चिठ्ठीत. मला तेव्हा त्याचंही कौतुक वाटायचं! लाजाळू आहे बाई, असं मी आईला सांगितलं होतं. आई म्हणाली, "लाजाळू बरा, पण प्रसंगाला तोंड उघडेल ना?" मी हसण्यावारी नेलं.

आणि मग कंपनीचं फर्मान निघालं. पहिल्या तारखेपासून फक्त मोठ्या व्हॅन चालतील. छोटी गाडी असेल त्याचा रूट दुसऱ्याला जाईल. म्हणजे बाबांची गाडी देऊन टाकायची, वर पाच वर्षांचं कर्ज काढायचं आणि नवी घ्यायची. बाबांच्या गाडीच्या उजव्या दारावर पोचा होता. मी सहा वर्षांची असताना सायकल तिथंच आपटली होती. बाबांनी तो कधी काढून घेतला नाही.

"घेऊ का रे मोठी?" मी टेपला विचारलं. "कंपनी टिकेल ना पाच वर्षं? तू आत असतोस, तुला कळत असेल."

तो एका खोक्याला पट्टी लावत होता. एकदा लावली, परत लावली, तिसऱ्यांदा लावली.

"गाडी चांगली आहे ती," तो म्हणाला.

"गाडीचं नाही विचारलं मी."

"एवढी मोठी कंपनी आहे..." असं म्हणून त्यानं पुढचं खोकं ओढलं. मला तेवढं पुरलं. आपल्याला हवं ते उत्तर ऐकायला माणसाला कितीसं लागतं!

आठ दिवसांनी, गुरुवारी, शोरूममध्ये सही करायची होती. अर्धा रूट करून दुपारी तिकडे जायचं, जुनी गाडी द्यायची, उरलेली पार्सलं नवीत टाकून पुढे निघायचं. हे सगळं मी टेपला बुधवारीच सांगितलेलं. गुरुवारी सकाळी त्यानं मला खोक्याला हातच लावू दिला नाही. सगळी गाडी एकट्यानं भरली, हळूहळू, माझ्याकडे न बघता.

"आज खाली काय ठेवलंयस?" मी त्याला कोपरानं ढोसलं. "अंगठी?"

"शेवटी बघ."

"आत्ताच बघू?"

"नको!" तो जवळजवळ ओरडलाच. मग आवाज उतरवून म्हणाला, "नको ना... नियम तो नियम."

मला आपलं वाटलं, आज तो मागणी घालणार. दुपारपर्यंत मी प्रत्येक दारात दात काढत उभी होते. एका आजींनी विचारलंसुद्धा, "काय गं, लग्न ठरलं की काय?" मी म्हटलं, "ठरेल संध्याकाळपर्यंत."

शोरूममधल्या माणसाला जेवायला जायची घाई होती. "आधी सह्या उरकू मॅडम, मग गाडी रिकामी करा निवांत." मी सह्या केल्या. अकरा ठिकाणी. जुनी किल्ली त्याच्या टेबलावर ठेवली, त्यानं ती खणात टाकली. मग मी उरलेली पार्सलं नव्या गाडीत हलवायला लागले, भराभर, आतल्या पत्र्यापर्यंत. शेवटचं उचललं.

'सही करू नकोस. उद्यापासून कंपनी बंद. मला मागच्या आठवड्यात, सोमवारीच कळलं. माफ कर.'

मी तशीच आत पळाले. तो माणूस डबा उघडत होता. त्यानं चिठ्ठी वाचली, माझ्याकडे बघितलं आणि खरोखर हळहळला. पण म्हणाला, "सही झाली हो आता. दहा मिनिटं आधी आला असता तर..."

नवी गाडी घेऊन मी तडक डेपोत गेले. तो धक्क्यावरच होता. गाडी बघून त्याला सगळं कळलं.

"मला वाटलं, गाडी रिकामी केल्याशिवाय ते सही घेणार नाहीत," तो म्हणाला. "आधी रिकामी करशील, चिठ्ठी मिळेल, मग..."

"आणि सकाळी? सकाळी मी तुझ्यासमोर उभी होते. कोपर लावून उभी होते!"

"मॅनेजर तिथंच होता. त्यानं बजावलं होतं, बाहेर बोललास तर दुसऱ्या कंपनीत लावून देतोय तेही विसर. घरात मी एकटा कमावता आहे गं."

"आणि मी? माझ्या घरात काय दहाजण कमावतात?"

मनगटातलं भेंडोळं तो नुसता फिरवत राहिला.

"आठ दिवस होते तुझ्याकडे, टेप. आठ दिवसांत सांगायची ती गोष्ट तू माझ्या गाडीच्या तळाला नेऊन चिकटवलीस. जिथं ती मला सगळ्यात शेवटी मिळेल."

मग मी गाडीत बसून बावीस ड्रायव्हरांना फोन लावले. त्याचं नाव मी कुणाला सांगितलं नाही. दोघंजण त्याच दुपारी नवी गाडी घ्यायला निघाले होते, ते वाटेतून परत फिरले. माझा फोन त्यांना वेळेवर मिळाला एवढंच मला त्या दिवसातलं चांगलं आठवतं.

शुक्रवारी सकाळी फाटकाला साखळी होती आणि साखळीवर कागद. पगारी माणसांना पत्र घरी येईल. 'स्वतंत्र भागीदारांनी' अर्ज भरून वाट पाहावी. आमच्यातल्या सर्वांत जुन्या ड्रायव्हरनं, सगळे त्यांना काका म्हणायचे, तो कागद मोठ्यानं वाचला.

"भागीदार ना आपण?" काका म्हणाले. "घ्या मग. नफ्यात नव्हतो, तोट्यात आहोत."

कुणीतरी हसलं, पण ते हसणं पुढे गेलं नाही. दोन महिन्यांचं भाडं अडकलेले तीस-पस्तीस जण फाटकाकडे बघत उभे राहिले आणि ऊन चढल्यावर एकेक करून आपापल्या गाडीत जाऊन बसले.

घरी बाबांनी नव्या गाडीवरून हात फिरवला. दार उघडलं, लावलं. "दार हलकं आहे," एवढंच म्हणाले. मला त्यांनी एका शब्दानं दोष दिला नाही. दिला असता तर मी भांडले तरी असते.

पुढचे चार महिने मी मिळेल ते भाडं मारलं. शेवटी एका मोठ्या लॉन्ड्रीचं काम लागलं. हॉटेलांच्या चादरी न्यायच्या, मळक्या आणायच्या. हप्ता सुटतो, वर थोडं उरतं. एकदा सिग्नलला बाबांची गाडी दिसली. दाराचा पोचा काढून, वर निळा रंग देऊन टाकला होता. मागच्या काचेच्या जुन्या चिरेवरून ओळखली. सिग्नल सुटला तरी मी तशीच उभी, मागचे सगळे हॉर्न वाजवत होते.

आणि गेल्या आठवड्यात, सकाळी साडेसातला, लॉन्ड्रीच्या अंगणात तो उभा होता. मनगट रिकामं. वाळला होता. मला पाहिल्यावर पूर्वीसारखा लाल झाला... आणि माझं काळीज, इतकं होऊनही, लाज सोडून धडधडायला लागलं.

"ती दुसरी नोकरी सोडली मी," तो म्हणाला. "तिथंही तसंच चाललंय. ह्या वेळी ड्रायव्हरांना सांगितलं, मगच सोडली."

"बरं केलंस."

"इथं माल भरायला माणूस पाहिजे म्हणून कळलं. तू हो म्हणालीस तरच मी..." त्यानं माझ्याकडे सरळ पाहिलं. पहिल्यांदाच, इतका वेळ. "मला परत तुझी गाडी भरू दे."

लॉन्ड्रीच्या खिडकीतून गरम चादरींची वाफ येत होती. मला एकदम त्याच्या हातातला तो पाणचट चहा आठवला, पत्र्याची झालर आठवली. हो म्हणायला एक शब्द लागतो. तो माझ्या ओठांवर होता, खोटं कशाला बोलू?

"टेप, मला तू आवडतोस," मी म्हटलं. "आजही. तोंडावर सांगतेय बघ. समोर उभी राहून, दिवसाढवळ्या. चिठ्ठी नाही, काही नाही. इतकंच करायचं असतं."

त्याचा चेहरा उजळला. पुढचं बोलताना माझा आवाज फाटला.

"पण तू भरलेली गाडी मला रोज सकाळी आधी सगळी उतरवावी लागेल. खाली काय ठेवलंयस ते बघायला. आणि तू काहीच ठेवलेलं नसेल ना, तरी उतरवावी लागेल. असं नाही रे जमत कुणाला. ना कामात, ना घरात."

तो सवयीनं खाली वाकला आणि चादरींचा एक गठ्ठा उचलला, वरचं हॉटेलचं नाव वाचलं, गाडीच्या दाराशी ठेवायला गेला.

"ते शेवटचं हॉटेल आहे," मी म्हटलं. "आधी जातं ते."

मी गठ्ठा त्याच्या हातातून घेतला. आमची बोटं क्षणभर एकाच चादरीत अडकली. त्यानं सोडून दिली.

तो फाटकापर्यंत गेला, मागे न बघता. मी सगळे गठ्ठे एकटीनं भरले, बरोबर क्रमानं. रडत भरले, त्यात लपवायचं काय! त्यानंच तर शिकवलं होतं भरायला.

दुपारी शेवटचा गठ्ठा देऊन झाला की मी अजूनही एकदा आत वाकून गाडीचा तळ बघते. तिथं पत्रा असतो, थोडी धूळ असते. मग दार ओढून घेते आणि मळक्या चादरी आणायला निघते.