तळघरातली लाकडी इमारत

हे खरं घडलंय. पटो न पटो, फक्त 'उंदीर असतील' एवढं म्हणू नका. ते ऐकून माझे कान किटलेत.

मागच्या हिवाळ्यातली शनिवारची संध्याकाळ. बांधकाम खात्याच्या जुन्या कचेरीचं तळघर.

माझी ताई निवृत्त आर्किटेक्ट. शहरातल्या इमारतींचे जुने नकाशे, लाकडी मॉडेल्स तिथे कुजत पडली होती. आम्ही दोघी बहिणी फुकट जाऊन ती साफ करायचो. वर कचेरीच्या मोठ्या साहेबांचा रुबाब, जणू त्यांनीच आमच्यावर उपकार केलेत!

ताई एका मॉडेलवरची धूळ ब्रशने झटकत होती. अचानक तिचा हात थांबला.

"हीच ती. पडलेली."

मला सगळं आठवलं. ही इमारत कोसळली, तेव्हा ढिगाऱ्याखालून ठोकल्याचे आवाज येत होते. "आत माणसं जिवंत आहेत!" ताई घसा फोडून ओरडत होती. या साहेबांनी शोध थांबवला. वरून बुलडोझर फिरवला.

तेवढ्यात...

टक. टक. टक.

आवाज मॉडेलच्या आतून येत होता.

मी मागे सरकले. ताई घाबरेल असं वाटलं.

ती संतापली. तरातरा वर गेली आणि साहेबांना घेऊनच खाली आली.

"ऐका."

"उंदीर असतील हो, बाई."

"तेव्हाही हेच म्हणाला होतात!"

साहेबांनी वाकून कान लावला. ठोकणं थांबलं.

मग आतून... कुणीतरी दमल्या आवाजात म्हणालं, "आलात?"

ते आम्हा तिघांनाही ऐकू आलं.

साहेब अडखळत जिना चढले. सोमवारी त्यांनी मॉडेल भंगारात देऊन टाकलं. आम्हाला विचारलंसुद्धा नाही. ताई त्यांच्या केबिनमध्ये जाऊन भांडली. ते फायलींवर सह्या करत राहिले.

आम्ही काम सोडलं नाही. का सोडायचं?

गेल्या आठवड्यात दुसऱ्याच एका मॉडेलमधून...

टक. टक.

या मॉडेलची इमारत अजून उभी आहे. तळमजल्यावर एक शिंपी राहतो. गच्चीवर कपडे वाळत असतात. आम्ही दारोदार जाऊन सांगितलं. कुणी हसलं, कुणी तोंडावर दार लावलं. साहेब म्हणाले, "पाहणी झालीय. इमारत ठणठणीत आहे."

काल ताई त्या मॉडेलला कान लावून बसली होती.

"आधी आवाज एकाच खोलीतून यायचा गं," ती म्हणाली. "आता सगळ्या मजल्यांवरून येतोय."